फायब्रोमायल्जियाचं दुखणं आणि रात्रीची पायांची वळवळ: दोन्ही एकत्र असताना काय करायचं

प्रश्न आलाय तो थोडक्यात असा. फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराचं (थोडक्यात फायब्रो), निदान होऊन 6 वर्षं झालीत, दुखण्यासाठी रात्रीची अमिट्रिप्टिलीन चालूच होती, 8 महिन्यांपूर्वी तिच्या जोडीला ड्युलोक्सेटिन दिली, दुखणं थोडं उतरलं पण तेव्हापासून रात्री आडवं झालं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागतं, उठून चाललं तरच थांबतं, परत पडलं की परत सुरू, असं रात्री एक-दीडपर्यंत. फेऱ्या मारून मारून दुसऱ्या दिवशी सगळं अंग ठणकतं. हिमोग्लोबिन 12.4, म्हणजे नॉर्मल. झोप लागावी म्हणून सर्दीची गोळी घेऊन बघितली तर त्या रात्री त्रास दुप्पट झाला. डॉक्टर म्हणाले हे फायब्रोचंच आहे. आणि विचारलंय असं की फायब्रो वाढलाय का, आणि आता अजून एक गोळी जन्मभर मागे लागणार का.

ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला फायब्रो वाढल्यासारखं वाटत नाही. हे वर्णन जवळजवळ तंतोतंत रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमचं आहे, तो वेगळा आजार आहे, त्याचं मूळ वेगळं, उपाय वेगळा, आणि मला दाट संशय असा येतोय की दुखण्यासाठी चालू असलेल्या गोळ्यांनीच तो वर काढलाय. मी मेंदू-मज्जातंतूची डॉक्टर आहे, 22 वर्षं झोपेच्या तक्रारींचे पेशंट बघतेय, आणि हे दोन्ही आजार एकत्र असलेलं माणूस समोर बसलं की नवीन काही लिहून द्यायच्या आधी मी दोनच गोष्टी बघते, चालू औषधांतलं काय काढता येईल आणि शरीरात काय कमी पडतंय. तुमच्याही बाबतीत सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

या दोन आजारांचं आपसात पटतच नाही. फायब्रोमध्ये अंग म्हणतं पडून राहा, जरा जास्त हालचाल झाली की दुसऱ्या दिवशी त्याची वसुली होते. रेस्टलेस लेग्जमध्ये पाय म्हणतात ऊठ, आत्ताच्या आत्ता ऊठ. मग माणूस रात्री दोन तास चालतो, त्या चालण्याने दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं, दुखण्यामुळे दिवसभर पडून राहावं लागतं, पडून राहिलं की संध्याकाळी पाय आणखी लवकर वळवळायला लागतात. त्यात झोपेची थकबाकी वाढत जाते, आणि अपुरी झोप दोघांनाही खतपाणी घालते, पायांनाही आणि दुखण्यालाही, कारण न झोपलेल्या मेंदूला तेवढंच दुखणं जास्त जाणवतं. म्हणून "आधी फायब्रो बघू, पायांचं नंतर बघू" असं चालत नाही. पाय रात्री थांबले नाहीत तर फायब्रोचा कुठलाच उपाय नीट लागू पडत नाही, हे मी अनुभवाने सांगतेय.

आता ओळखायचं कसं. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, फायब्रो 9 वर्षांचा, तक्रार एकच, "पाय दुखतात, रात्री झोपू देत नाहीत". मी त्यांना मुद्दाम संध्याकाळची उशिराची वेळ दिली होती. तपासायच्या टेबलावर पाठ टेकवून, पाय सरळ लांब करून बसवलं आणि म्हटलं, मी तुमची जुनी कागदं वाचते तोवर पाय अजिबात हलवायचे नाहीत. पाच-सहा मिनिटं काही नाही. सातव्या मिनिटाला उजव्या पायाचा अंगठा वाकला, सरळ झाला, परत वाकला. मग घोटा गोल फिरायला लागला. मग त्यांनी दोन्ही हातांनी गुडघ्यावर मांडी दाबून धरली आणि माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, दुखतंय का? त्या जरा थांबल्या, विचार केला आणि म्हणाल्या, "दुखत नाहीये हो. राहवत नाहीये." नऊ वर्षांत त्यांना कोणी हा फरक विचारलाच नव्हता, त्यामुळे त्यांनी सगळ्याला दुखणं हेच नाव देऊन टाकलं होतं.

ते "राहवत नाहीये" हीच या आजाराची खूण. निदानाला मशीन लागत नाही, प्रश्न लागतात. पाय हलवायची अनावर इच्छा होते का, बसल्या-पडल्या सुरू होतं किंवा वाढतं का, हलवलं-चाललं की निदान तेवढ्यापुरतं तरी थांबतं का, आणि संध्याकाळी-रात्री जास्त असतं का. चारही उत्तरं हो असतील आणि दुसऱ्या कुठल्या कारणाने हे होत नसेल तर रेस्टलेस लेग्ज. लोक त्याला वेगवेगळे शब्द वापरतात, मुंग्या, किडे चालल्यासारखं, नसांतून सोडा वाहतोय, आतून कोणी ओढतंय, पाय शिवशिवतात, हाडाच्या आत खाज येते आणि खाजवता येत नाही. काहींना खरंच दुखतंही, म्हणून गोंधळ होतो. पण फायब्रोचं दुखणं चार पावलं चालून थांबत नाही, हे थांबतं. फायब्रोचा सगळ्यात वाईट वेळ बहुतेकांना सकाळचा असतो, अंग आखडलेलं, झोपूनही न झोपल्यासारखं. रेस्टलेस लेग्जवाल्यांना उलट पहाटेनंतर आराम पडतो, आणि नेमकी तेव्हाच डोळा लागून उठायची वेळ होते.

गोळा येणं म्हणजे हे नव्हे, गोळ्यात स्नायू हाताला दगडासारखा लागतो आणि एकाच जागी कळ येते. तळपायांची जळजळ दिवसरात्र असेल आणि चालून कमी होत नसेल तर नसांचा आजार बघायला हवा, साखर आणि बी12 तपासायला हवं. कुठल्या औषधानंतर दिवसासुद्धा सगळ्या अंगातच अस्वस्थता भरली असेल, एका जागी बसवतच नसेल, तर ते अकाथिसिया असू शकतं, त्याचा विचार वेगळा. आणि एकच पाय सुजून, गरम होऊन दुखत असेल तर यातलं काही वाचत बसू नका, त्याच दिवशी दाखवा, रक्ताची गुठळी असू शकते.

तुमच्या डॉक्टरांना पूर्ण दोष देता येणार नाही, कारण ही जोडी खूपदा एकत्रच दिसते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फायब्रो असलेल्यांपैकी साधारण 33 टक्के लोकांना रेस्टलेस लेग्ज निघाला, आणि तुलनेला घेतलेल्या फायब्रो नसलेल्यांमध्ये 3 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फायब्रोच्या पेशंटला हा प्रश्न न विचारणं हे डॉक्टरांना परवडणारंच नाही. आजार काही नवा नाही, 1672 साली थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने त्याचं वर्णन करून ठेवलंय आणि 1945 मध्ये स्वीडनच्या कार्ल-ॲक्सेल एक्बोम यांनी त्याला आजचं नाव दिलं, तरीही पेशंटला आजही "मनाचे खेळ आहेत" असं ऐकावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता लोह. तुमचं हिमोग्लोबिन नॉर्मल आलंय म्हणून हा विषय तिथे बंद झाला, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथेच झालीय. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात सध्या वापरात असलेलं लोह. कोठारात किती शिल्लक आहे ते फेरिटिन सांगतं. कोठार रिकामं व्हायला आलं तरी शरीर हिमोग्लोबिन बराच काळ सांभाळून नेतं. आणि या आजारात खरी कमतरता मेंदूतल्या लोहाची असते, मेंदूला डोपामिन, म्हणजे हालचालीवर ताबा ठेवणारं रसायन, तयार करायला लोह लागतं, आणि रक्तातलं लोह ठीक असतानाही मेंदूत ते कमी असलेलं एमआरआयवर आणि पाठीच्या पाण्याच्या तपासणीत दिसलेलं आहे. म्हणून फेरिटिनचा लॅबवाल्यांनी छापलेला नॉर्मल आपल्या कामाचा नाही. रिपोर्टवर खालची मर्यादा 10-15 च्या आसपास असते, तुमचं 28 आलं तर लॅब त्याला नॉर्मल म्हणेल, पण रेस्टलेस लेग्जसाठी आम्ही 75 किंवा त्याखाली असेल तर लोह द्यायचा विचार करतो. बरोबर ट्रान्सफरिन सॅच्युरेशनही करा, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते, 20 टक्क्यांच्या खाली असेल तर तेही कमीच धरायचं. फेरिटिन अंगात ताप, इन्फेक्शन, सूज असली की खोटंच वर जातं, त्यामुळे आजारी असताना तपासू नका. रक्त सकाळी द्या, आणि लोहाची गोळी चालू असेल तर आदल्या दिवशी ती घेऊ नका.

कमी निघालं तर डॉक्टर साधारण 65 मिलिग्रॅम प्रत्यक्ष लोह मिळेल अशी गोळी देतात, सोबत व्हिटॅमिन सी. गोळीवर लिहिलेलं वजन आणि त्यातलं लोह यात फरक असतो बरं का, 325 मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये लोह 65 च्या आसपासच असतं. रोज दोन-तीन गोळ्या घेऊन पोट बिघडवण्यापेक्षा एक दिवसाआड एक घेतली तरी चालतं, कारण एक डोस घेतला की शरीर पुढचा दिवसभर लोह आत घेणं कमी करतं. फायब्रोवाल्यांचं पोट आधीच नाजूक असतं, बद्धकोष्ठ होऊन गोळी सोडून देतात, म्हणून मी एक दिवसाआडच सांगते. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम, ॲसिडिटीची गोळी यांच्यापासून लांब घ्या. तीन महिन्यांनी परत फेरिटिन. गोळी सोसत नसेल, आकडा हलत नसेल किंवा फेरिटिन 75 ते 100 च्या मध्ये असेल, तर शिरेतून लोह देता येतं. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या त्यात शिरेतून द्यायच्या फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजची ठामपणे शिफारस आहे. फरक पडायला काही आठवडे लागतात, दुसऱ्या दिवशी नाही. पण तपासल्याशिवाय लोह सुरू करू नका, काहींच्या शरीरात लोह आधीच जास्त साठत असतं आणि त्यांना ते घातक आहे. आणि कमी निघालं तर का कमी झालं तेही शोधायला हवं, पाळीत जास्त जाणं, पोटात कुठे रक्तस्राव, वर्षानुवर्षं चालू असलेली ॲसिडिटीची गोळी. कारण तसंच ठेवून नुसतं लोह भरणं म्हणजे भोक पडलेल्या टाकीत पाणी ओतणं.

आता औषधांकडे येते, तुमच्या बाबतीत मला खरी मेख इथेच दिसतेय. फायब्रोमध्ये अमिट्रिप्टिलीन आणि ड्युलोक्सेटिन या दोन्ही मान्य गोळ्या आहेत, देणाऱ्याने चुकीचं काही दिलेलं नाही. पण या दोन्ही गटांतली औषधं रेस्टलेस लेग्ज सुरू करू शकतात किंवा असलेला वाढवू शकतात, आणि तुमच्याकडे दोन्ही एकदम आहेत. त्यात अजून एक गोष्ट, ड्युलोक्सेटिन लिव्हरमधलं एक एन्झाइम दाबून ठेवतं आणि अमिट्रिप्टिलीन त्याच वाटेने बाहेर पडत असते, म्हणजे तुमची अमिट्रिप्टिलीनची गोळी तेवढीच राहिली तरी रक्तातलं तिचं प्रमाण 8 महिन्यांपूर्वी वाढलेलं असणार. तारखा जुळतायत. डिप्रेशनवरची मिर्टाझापिन तर या बाबतीत सगळ्यात बदनाम आहे, झोप नाही म्हणून ती देतात आणि पाय अजून बिथरतात. डिप्रेशनवरच्याच एसएसआरआय गटातल्या गोळ्याही त्यातच. फायब्रोसाठी देतात ती सायक्लोबेन्झाप्रिन हे स्नायू सैल करणारं औषधसुद्धा रचनेने अमिट्रिप्टिलीनचंच जवळचं आहे, चालू असेल तर तेही सांगा.

आणि ती सर्दीची गोळी. झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या, डायफेनहायड्रामिन, क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन, या रेस्टलेस लेग्ज वाढवतात, हे इतकं ठरलेलं आहे की "सर्दीची गोळी घेतल्यावर पाय जास्त वळवळले" हे वाक्य पेशंटच्या तोंडून आलं की माझी निदानाबद्दलची खात्री वाढते. झोपेसाठी म्हणून दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत आणि खोकल्याच्या सिरपमध्ये हेच असतं, मागचं लेबल वाचा. ॲलर्जी असेल तर झोप न आणणारी नवी गोळी विचारून घ्या. उलटी-मळमळीवरच्या मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन याही टाळायच्या, त्या मेंदूतलं डोपामिन अडवतात. कधी ऑपरेशन असलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधीच सांगून ठेवा, कारण ऑपरेशननंतर उठता येत नाही, त्यात मळमळ झाली म्हणून यातलंच इंजेक्शन दिलं तर ती रात्र फार वाईट जाते.

पण, आणि हे नीट वाचा, आज हे वाचून उद्यापासून ड्युलोक्सेटिन बंद असं करू नका. अचानक सोडली की चक्कर, मळमळ, डोक्यात करंट मारल्यासारखं, रडू येणं, चिडचिड असं सगळं होतं, आणि दुखणं उसळतं ते वेगळंच. ती काही आठवड्यांत पायरी पायरीने उतरवायची असते. ती डिप्रेशनसाठीही उपयोगी पडत असेल तर ज्यांनी लिहून दिलीय त्यांच्याशी बोलून दुसरी सोय करूनच, कधी कधी तर ती चालू ठेवून बाकीचं सगळं दुरुस्त करायचं असंही मी ठरवलेलं आहे, कारण मन सावरलेलं असणं हे पायांपेक्षा मोठं आहे. क्रम मी असा ठेवला असता: आधी फेरिटिन, सर्दीची गोळी कायमची बंद, मग दोघींपैकी एक कमी करायची आणि तिच्या जागी असं औषध आणायचं जे दोन्ही आजारांना चालेल.

असं औषध आहे, आणि तुमच्यासाठी ही खरंच चांगली बातमी आहे. प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन. प्रीगाबालिनला फायब्रोसाठी अमेरिकेत 2007 मध्येच मान्यता मिळालीय, आणि रेस्टलेस लेग्जसाठी आज हा गट पहिल्या पसंतीचा मानला जातो. रात्रीची झोपही त्याने सलग होते. त्रास सुरू होतो त्याच्या तास-दोन तास आधी घ्यायची, आडवं झाल्यावर नाही, ही चूक खूप जण करतात आणि मग म्हणतात गोळी लागू पडली नाही. सुरुवात कमी डोसने, प्रीगाबालिन 50-75 किंवा गाबापेंटिन 100-300 मिलिग्रॅम, आणि हळूहळू वर. पहिले काही दिवस चक्कर, गुंगी, तोल जाणं होतं, तेवढे दिवस गाडी चालवू नका, रात्री उठताना दिवा लावून उठा. वजन वाढू शकतं, पावलांवर सूज येऊ शकते, काहींचं मन उदास होतं, ते लपवू नका, सांगा. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी लागतो. श्वासाचा आजार, झोपेत श्वास अडकणं किंवा अफूच्या गटातली पेनकिलर चालू असेल तर जपून, श्वास मंदावतो. मॅग्नेशियम किंवा ॲसिडिटीचं औषध घेत असाल तर गाबापेंटिनपासून दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. आणि ही गोळीसुद्धा एकदम बंद करायची नसते.

कदाचित तुम्हाला कोणीतरी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल सुचवेल. या डोपामिनच्या जागी काम करणाऱ्या गोळ्या, पहिल्याच रात्री जादू झाल्यासारखा फरक पडतो, पेशंट फोन करून आभार मानतात. मीही माझ्या सुरुवातीच्या वर्षांत त्या भरपूर दिल्या, तेव्हा तोच पहिला उपाय होता. मग दोन-तीन वर्षांनी तीच माणसं परत यायला लागली, आता दुपारी चारलाच सुरू होतं, आता हातातही येतं, पाच मिनिटं बसलं तरी येतं, डोस वाढवला की महिनाभर बरं आणि परत तेच. याला ऑगमेंटेशन म्हणतात, औषधच आजार वाढवत नेतं. 2014 साली एक वर्षभराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रीगाबालिनवर 2.1 टक्के लोकांना झालं आणि प्रामिपेक्सोलच्या 0.5 मिलिग्रॅमवर 7.7 टक्क्यांना, आणि हे फक्त पहिल्या वर्षाचं आहे, पुढे आकडा चढत जातो. शिवाय काहींना जुगार, बेसुमार खरेदी अशी अनावर ओढ लागते आणि त्याचा गोळीशी संबंध आहे हे घरच्यांच्या लक्षातही येत नाही. म्हणून 2025 च्या त्याच सूचनांमध्ये या गोळ्या नेहमीसाठी म्हणून वापरू नका असं म्हटलंय. कोणाची आधीच चालू असेल तर मात्र स्वतःहून सोडू नका, सोडताना पहिल्या रात्री भयंकर जातात, आधी दुसरं औषध बसवून मग अगदी थेंबाथेंबाने कमी करतात.

क्लोनाझेपाम या झोपेच्या गोळीने झोप येते, पाय थांबत नाहीत, आणि सवय लागते. ट्रामाडॉल ही पेनकिलर ड्युलोक्सेटिनबरोबर घेणं जोखमीचं आहे, आणि तिनेही ऑगमेंटेशन होऊ शकतं. काहीच लागू न पडलेल्या रेस्टलेस लेग्जला अफूच्या गटातली औषधं अगदी कमी डोसमध्ये देतात हे खरं, पण फायब्रोसाठी तो गट योग्य नाही, तेव्हा तो निर्णय दोन्ही आजार कळणाऱ्या डॉक्टरवर सोडा.

औषधं लागू पडेपर्यंतच्या रात्रींचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण खरी लढाई तिथे असते. तुम्ही रात्री दीड-दोन तास चालताय, फायब्रोमध्ये एवढं चालणं म्हणजे उद्याच्या दिवसाची सगळी ताकद आज रात्रीच खर्च करणं. पायाला चालणंच हवं असतं असं नाही, त्याला जोराची जाणीव हवी असते. म्हणून उभं राहून भिंतीला हात टेका, एक पाय मागे, टाच जमिनीला दाबून पोटरी ताणा, तीस सेकंद, मग दुसरा. पडल्या पडल्या तळपाय भिंतीवर किंवा पलंगाच्या कठड्यावर जोराने दाबून धरा. खरखरीत टॉवेलने पोटऱ्या खालून वर चोळा. फायब्रोमध्ये हलका स्पर्श बऱ्याचदा सहन होत नाही पण घट्ट दाब चालतो, तेव्हा कुरवाळल्यासारखं नको, तळहाताने दाबत न्या, कुठे दुखतंय ते बघत. झोपायच्या तासभर आधी गरम पाण्यात पाय, काहींना गारच बरं वाटतं, दोन्ही करून बघा. दाब देणारे मोजे सगळ्यांना सोसत नाहीत, आधी दहा मिनिटं घालून बघा. आणि डोकं गुंतवा, शब्दकोडं, विणकाम, पत्ते, हिशेब, जे मन लावून करावं लागतं ते. नुसता टीव्ही बघताना पाय वळवळतात आणि कोडं सोडवताना वळवळत नाहीत हे पेशंट मला इतक्यांदा सांगतात, आणि ते खरंच आहे.

कॉफी-चहा दुपारनंतर बंद करून दोन आठवडे बघा. दारूने गुंगी येते आणि मध्यरात्री पाय दुप्पट उठतात. सिगरेटही तशीच.

व्यायामाबद्दल मी थोडी आग्रही आहे. फायब्रोसाठी युरोपातल्या तज्ज्ञांनी 2016 मध्ये जेव्हा सगळे उपाय तपासले तेव्हा ठाम शिफारस फक्त व्यायामाची केली होती, आणि रेस्टलेस लेग्जलाही मध्यम व्यायामाने फरक पडतो. पण किती आणि कधी यावर सगळं आहे. सकाळी किंवा दुपारी, संध्याकाळनंतर जोराचा नको, त्याने पाय पेटतात. चांगला दिवस आला म्हणून तासभर आणि मग तीन दिवस अंथरुणात, हे फायब्रोवाल्यांचं नेहमीचं, ते मोडायचं. वाईट दिवशीही जमेल एवढंच रोज, भले ते सात मिनिटं असो, आणि दोन आठवडे तेवढंच टिकलं तर एखाद-दोन मिनिटं वाढवायची. कोमट पाण्यातला व्यायाम जमत असेल तर उत्तम, सांध्यांवर भार येत नाही. आणि रात्रीचं चालणं त्या हिशेबात धरा, रात्री अर्धा तास चाललात तर सकाळी चालायचं कमी करा, त्यात काही अपराधी वाटून घेऊ नका.

झोपेच्या वेळेत लवचिकपणा ठेवता येत असेल तर जरा उशिरा झोपून उशिरा उठा, पायांचा शांत वेळ पहाटेचा असतो. घोरत असाल, सकाळी डोकं जड असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासून घ्या, त्याचा इलाज राहून गेला तर बाकीच्या उपायांवर पाणी पडतं. शेजारी झोपणाऱ्यालाही विचारा, दर वीस-चाळीस सेकंदांनी तुमचा पाय झटका देतो का. रेस्टलेस लेग्जवाल्या बहुतेकांना, 80 टक्क्यांच्या आसपास, झोपेत असे झटके असतात आणि स्वतःला पत्ता नसतो, मग आठ तास पडूनही अंग मोडलेलंच.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची एक वही न्या. रोज दोनच रकाने, "दुखतंय" आणि "राहवत नाहीये", किती वाजता सुरू झालं आणि दहापैकी किती. शेवटी त्या दिवशी घेतलेल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून आणलेल्या धरून. ही वही समोर ठेवली की "फायब्रोचंच आहे" म्हणणाऱ्यालाही दोन रेषा वेगळ्या दिसतात. आणि सरळ म्हणा, फेरिटिन आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन लिहून द्या, आणि या दोन गोळ्यांनी पाय वळवळत असतील का ते बघा. असं विचारलं म्हणून राग येईल ही भीती मनातून काढा.

जन्मभराचं विचारलंत. ज्यांना तरुणपणीच सुरू होतो, आई-वडील-भावंडांत कोणाला असतो, त्यांचा कमी-जास्त होत राहतो, पण सहसा पूर्ण जात नाही. तुमचा 8 महिन्यांपूर्वी, नव्या गोळीबरोबर सुरू झालाय, आधी कधीच नव्हता असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय, तेव्हा लोह भरलं आणि गोळी बदलली की तो बराच उतरायची, कदाचित पूर्ण थांबायचीही शक्यता चांगली आहे. घरात कोणाला रात्री पाय चोळत बसायची सवय होती का एवढं मात्र आठवून बघा, आईला, मावशीला, आजीला, त्यांनी त्याला कधी आजार म्हटलं नसेल. तसं कोणी निघालं तर मूळ आधीपासून होतं आणि गोळीने फक्त वर काढलं असं समजायचं, मग थोडं औषध जास्त काळ लागेल. प्रीगाबालिन दिली तर ती तशीही फायब्रोसाठी चालू राहणार आहे, म्हणजे एक गोळी वाढण्याऐवजी दोनांची एक झाली तर बघायचं, आणि माझ्या पेशंटमध्ये ते बऱ्याच जणांना जमलंय. फेरिटिनचा आकडा आला की कळवा, पुढचं त्यावर ठरवता येईल.